धर्मोपदेशकाचे घर

प्रवरेच्या काठी वसलेल्या नेवासे गावात एक दगडी खांब आहे. ह्याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी इ. स. 1290 मध्ये गीतेचा अर्थ मराठी ओवीतून सांगितला, असे परंपरा मानते. त्या वेळची वास्तू काळाच्या ओघात गेली. खांब तेवढा राहिला. दगडामातीच्या घरांची गत अशीच असते. परंतु जे घर वाङ्मयात उतरते, ते शतकानुशतके उभे राहते. नेवाशाच्या शेजारी राहुरीला आणि नगरला अशा एका घराचा संसार झाला. ते घर होते रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे.

ख्रिस्ती मंडळीच्या धर्मोपदेशकाला मराठीत ‘पाळक’ म्हणतात. पाळकाचे घर लेखकांना फार आवडते. ह्याचे कारण काय बरे? त्या घराची मिळकत बेताची असते, पण दार सर्वांना उघडे असते. शिवाय साऱ्या गावाचे डोळे त्यावर खिळलेले असतात. पाळक देवळात जे सांगतो ते घरी पाळतो की नाही, हे लोक नित्य पाहतात. इंग्रजी लेखक गोल्डस्मिथ ह्याने 1766 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत असेच एक घर रंगविले आहे. त्या पाळकाचे धन जाते, घरही जळते. तरी त्याची श्रद्धा ढळत नाही. तेथे घर म्हणजे माणसाच्या सत्त्वाची कसोटीच होय.

मराठीत ही कसोटी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात दिसते. त्याचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे आल्या. तरी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. पुढे मात्र, जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला आहे, असे त्यांना विचारांती पटले. मग त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. एवढा मोठा पालट कोणत्याही व्यासपीठावर घडला नाही. तो स्वयंपाकघरात घडला.

ह्या घरी पैशाची नेहमीच चणचण असे. टिळक उदार आणि तितकेच तापट. हाती आलेले देऊन टाकावे, असा त्यांचा स्वभाव. घर चालविण्याची काळजी लक्ष्मीबाईंच्या माथी येई. तरीही अनाथ मुलांना तेथे आसरा मिळे. तरुण कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हेही काही काळ ह्या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी घरातील भांडणे लपविली नाहीत आणि स्वतःच्या फजितीही हसत हसत सांगितल्या. म्हणूनच ते घर खरे वाटते.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. 1919 साली त्यांचे निधन झाले. मग पतीच्याच हाताखाली अक्षरे गिरवून शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या काव्याचा फार मोठा भाग रचला. नेवाशाच्या खांबापाशी घुमलेली ओवी सहा शतकांनंतर एका पाळकाच्या घरातही नांदली. धर्म निराळा, पण ओवी तीच. उपदेश मुखाने करता येतो; त्याची परीक्षा मात्र घरातच होते.