सहीची मुदत संपली आणि ब्राउझर अडला

इंद्रायणीकाठचं चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. भोसरीची एमआयडीसी इथून जवळ, चाकणही फार लांब नाही. रस्त्याचं, गटाराचं किंवा शाळेच्या रंगकामाचं ई-टेंडर भरणाऱ्या या पट्ट्यातल्या ठेकेदाराच्या बॅगेत चेकबुकाइतकीच जपलेली एक वस्तू असते: पेनड्राइव्हसारखं दिसणारं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं, टोकन. ते लॅपटॉपला लावायचं, पिन टाकायचा आणि राज्य शासनाच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर निविदेला सही करायची. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या डिजिटल सहीला मान्यता दिली. मात्र तिला मुदत असते. ती संपली की टोकन तेच, पिन तोच, माणूसही तोच. सही तेवढी चालत नाही.

४ मे २०१९ रोजी नेमकं हेच फायरफॉक्स या ब्राउझरचं झालं, आणि तेही जगभर.

भारतात तेव्हा शनिवारची सकाळ होती. जाहिराती अडवणारी, पासवर्ड सांभाळणारी एक्स्टेन्शन एकाएकी बंद पडू लागली. अशी छोटी जोड-सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बाहेरचे लोक बनवतात. ती तपासून त्यांच्यावर फायरफॉक्सची निर्माती संस्था मोझिला आपली डिजिटल सही करते. ही सही अस्सल आहे की नाही, हे ब्राउझर प्रमाणपत्रांच्या साखळीवरून ठरवतो, आणि नसेल तर एक्स्टेन्शन चालू देत नाही. त्या साखळीतल्या मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि ते वेळेत बदलायचं राहून गेलं होतं. फायरफॉक्स साधारण २४ तासांतून एकदा ही तपासणी करतो, म्हणून कुणाचं एक्स्टेन्शन लगेच बंद पडलं, तर कुणाचं काही तासांनी. ओळख लपवून इंटरनेट वापरण्यासाठी असलेला टोर ब्राउझर फायरफॉक्सवरच उभा आहे. त्यातलं नोस्क्रिप्ट हे सुरक्षेचं एक्स्टेन्शनही बंद झालं.

मोझिलाने आधी तातडीची मलमपट्टी पाठवली. पण ती मिळण्यासाठी वापराची माहिती मोझिलाला पाठवण्याची सेटिंग चालू असावी लागे. ज्यांनी ती मुद्दाम बंद ठेवली होती, त्यांनाही ती चालू करावी लागली. त्या दिवसांत गोळा झालेली माहिती पुसून टाकण्याचं मोझिलाने नंतर जाहीर केलं. ५ मे रोजी ६६.०.४ हे दुरुस्त अपडेट आलं.

मुळात ही सहीची सक्ती हवी कशाला? एक्स्टेन्शनला आपण उघडलेली पानं वाचता येतात, बदलताही येतात. बँकेचं पानसुद्धा त्यातून सुटत नाही. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप शिरलेली एक्स्टेन्शन जाहिराती घुसडत आणि शोधाचं पान बदलत. म्हणून गूगलने २०१४ साली विंडोजवरच्या क्रोममध्ये आपल्या दुकानाबाहेरची एक्स्टेन्शन बंद केली. फायरफॉक्सने डिसेंबर २०१५मध्ये ४३व्या आवृत्तीपासून सही बंधनकारक केली, तरी एक सेटिंग बदलून ती टाळता येत होती. ऑगस्ट २०१६च्या ४८व्या आवृत्तीने सर्वसाधारण फायरफॉक्समधली ती पळवाटही बंद केली. हौसेने किंवा ऑफिसच्या कामापुरतं बनवलेलं, सही नसलेलं एक्स्टेन्शन त्या अपडेटनंतर चालेना.

टेंडर भरणाऱ्यांनी ब्राउझरच्या अपडेटचा आणखी एक फटका सोसला आहे. अनेक सरकारी संकेतस्थळांवर डीएससीची सही जावा अ‍ॅपलेटमधून होई. सप्टेंबर २०१५मध्ये क्रोमच्या ४५व्या आवृत्तीने आणि मार्च २०१७मध्ये फायरफॉक्सच्या ५२व्या आवृत्तीने ब्राउझरमध्ये जावासारखे बाहेरचे प्रोग्राम चालवणारे जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले, आणि त्यांबरोबर जावाही गेलं. मग इंटरनेट एक्सप्लोरर किंवा जुना फायरफॉक्स जपून ठेवायचा आणि अपडेट बंद करून टाकायचं, असा तोडगा निघाला. काम अडलेल्या माणसाला त्यासाठी दोष देता येणार नाही. पण अपडेट थांबलं की सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात, आणि त्याच ब्राउझरमध्ये बँकेचं खातं उघडलेलं असतं.

जुना ब्राउझर जपण्याचा हा मार्ग फार पुढे जातही नाही. १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाच्या मूळ प्रमाणपत्राचीच मुदत संपली. या वेळी मोझिलाने आधीच बजावलं होतं: फायरफॉक्स १२८च्या, किंवा दीर्घ मुदतीच्या मालिकेत ११५.१३च्या मागे असाल, तर अपडेट करा, नाहीतर एक्स्टेन्शन बंद पडतील. विंडोज ७ वापरणाऱ्यांसाठीही ११५च्या मालिकेत दुरुस्ती उपलब्ध होती.

२०१९ची चूक सर्वस्वी सही करणाऱ्यांची होती आणि झळ मात्र वापरणाऱ्यांना बसली. सहीची सक्ती योग्यच आहे. पण जो सही मागतो, त्याने तिची तारीख सांभाळायची आणि लोकांना वेळेत सांगायचं, ही जबाबदारीही त्याचीच. सरकारी संकेतस्थळं चालवणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. आज ब्राउझरच्या मदत मेनूत जाऊन आवृत्ती पाहा आणि मागे असेल तर अपडेट करा. आणि डीएससी वापरत असाल, तर तिची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. टेंडर भरण्याच्या शेवटच्या दिवशी नवी सही मिळेलच असं नाही.