डाकघर आणि दप्तरखाना

नवी दिल्लीतील कोणत्याही शासकीय कार्यालयात आलेले पत्र प्रथम आवक नोंदवहीत चढते आणि मग योग्य त्या फाइलला लागते. ते आणून देणारा टपालवाला पत्रे आपल्याच थैलीत वर्षानुवर्षे सांभाळू लागला, तर लोक त्याला वेड्यात काढतील. ई-मेलच्या बाबतीत मात्र असंख्य कार्यालयांत नेमके हेच चालते. करारनामे, नकाशे, जमाखर्चाचे तक्ते टपालपेटीतच पडून राहतात आणि तीच दप्तरखाना होऊन बसते.

ई-मेलचा सर्व्हर हे मुळात डाकघर होय. १९८२ साली ठरलेल्या त्याच्या वहन-नियमांत केवळ इंग्रजी लिपीतील साध्या मजकुराचीच सोय होती. चित्राला अगर नकाशाला तेथे वाव नव्हता. १९९२ मध्ये ‘माइम’ हे नियम आले आणि त्यांनी एक युक्ती योजिली. फाइलमधील दर तीन बाइट, म्हणजे २४ बिट, घ्यावयाचे. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडावयाचे. आणि प्रत्येक गटाऐवजी एक अक्षर लिहावयाचे. सहा बिटांपासून ६४ निरनिराळ्या रचना होतात. इंग्रजीतील मोठी २६ व लहान २६ अक्षरे, १० अंक आणि २ चिन्हे मिळून बेरीजही ६४ च भरते. अशा रीतीने नकाशा अक्षरांचा वेष घेऊन प्रवास करतो व मुक्कामी पोचल्यावर मूळ रूप धारण करतो. या वेषांतराची किंमत उघड आहे. तिनाच्या जागी चार झाल्याने तीन मेगाबाइटचा नकाशा वाटेत सुमारे चार मेगाबाइटचा होतो. शिवाय तो दहा जणांना धाडला, तर दहा पेट्यांत दहा प्रती आणि पाठविणाऱ्याजवळ अकरावी!

पूर्वी टपाल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊन सर्व्हरवरून पुसून टाकण्याचा परिपाठ होता. १९८६ मध्ये निघालेल्या ‘आयमॅप’ पद्धतीने पत्रे सर्व्हरवरच ठेवून तेथेच वाचण्याची सोय केली. पुढे १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने प्रत्येकास एक गिगाबाइट जागा देऊ केली. तोवर फुकट मिळणारी जागा बहुधा दोन-चार मेगाबाइटची असे. जागा मुबलक झाल्यावर पुसण्याचे कष्ट कोण घेणार?

खरी अडचण जागेची नव्हे, मालकीची आहे. पेशवे दप्तरातील रुमाल उलगडले की कारकून कोण होता हे ठाऊक नसतानाही कागद सापडतो. कारण रुमाल दप्तराचा असतो, कारकुनाचा नसतो. टपालपेटी मात्र व्यक्तीची असते. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या नावाच्या पेटीतील कागद नव्या अधिकाऱ्यास दिसत नाहीत. एकाच मसुद्यावर पाच जणांनी आपापल्या पेटीत दुरुस्त्या केल्या, तर अखेरचा मसुदा कोणता हे सांगणे दुरापास्त होते. केंद्र शासनाने २०१५ मध्ये ई-मेलविषयक धोरण जाहीर केले आणि त्याची अंमलबजावणी १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे सोपविली. नावाच्या पत्त्याबरोबर हुद्द्याचाही पत्ता असावा आणि तो पुढील अधिकाऱ्याच्या हाती जावा, ही त्यातील तरतूद याच अडचणीवर योजलेली आहे.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकावर तयार झालेली सामग्री अभिलेखांत धरली आहे; आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवणे आवश्यक आहे. टपालपेटी तारखांच्या क्रमाने भरत जाते; तिला विषयवार क्रमांक नसतो. शोधावयाचे तर शब्द आठवावा लागतो, आणि ज्याला पत्रच ठाऊक नाही त्याला तो आठवणार तरी कसा?

यासाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ‘ई-ऑफिस’ ही निराळी प्रणाली तयार केली. तीत फाइलला क्रमांक असतो, प्रत्येक टिप्पणीखाली कोणी व केव्हा लिहिले याची नोंद राहते, आणि फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेल्याचा मागही राहतो. ई-मेलने आलेले पत्रही तेथे आवक म्हणून नोंदविता येते. जेथे अशी प्रणाली नाही, त्या लहान कार्यालयात सामायिक संगणकावर एकच प्रत ठेवून ई-मेलने केवळ तिचा पत्ता कळवावा. म्हणजे दुरुस्ती कोणीही केली तरी ती त्याच प्रतीवर होते. ती उघडण्याची परवानगी कोणास आहे, हे मात्र अधूनमधून तपासावे लागते. बदलून गेलेल्यांची नावे त्या यादीत बहुधा तशीच राहिलेली आढळतात.