विश्लेषण : ‘अ‍ॅनिमल फार्म’मधले दूध गेले कुठे? क्रांती नेमकी कधी बिघडते?

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही छोटेखानी कादंबरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. क्रांतीच्या नावाने सत्तेवर आलेले पुढे कसे वागतात, हे सांगताना आजही तिचाच दाखला दिला जातो. मात्र ‘क्रांतीच्या फंदात पडू नका’ असा तिचा अर्थ ऑर्वेल यांना मान्य नव्हता. मग त्यांना काय म्हणायचे होते? त्याचे उत्तर पाच बादल्या दुधात सापडते.

कथानक काय?

इंग्लंडमधल्या एका फार्मवरची उपाशी जनावरे दारुड्या मालक जोन्सला हुसकावून लावतात आणि समतेच्या सात आज्ञा भिंतीवर लिहितात. हुशार म्हणून डुकरे कारभार पाहू लागतात. त्यांच्यातला नेपोलियन शिकारी कुत्रे सोडून स्नोबॉल या प्रतिस्पर्ध्याला पळवून लावतो. भिंतीवरच्या आज्ञांना नकळत पुस्त्या जोडल्या जातात. पलंगावर झोपण्याची बंदी नंतर फक्त चादरीपुरती उरते. इमानाने राबणारा बॉक्सर हा घोडा थकल्यावर खाटकाला विकला जातो आणि डुकरांना त्या पैशांची दारू मिळते. शेवटी डुकरे कोण आणि माणसे कोण, हेच ओळखता येत नाही.

कोण कोणाचे रूपक?

जोन्स म्हणजे रशियाचा झार, नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. प्रत्येक निर्णयाचे गोडवे गाणारा स्क्वीलर ही प्रचारयंत्रणा, तर बॉक्सर हा कष्टकरी वर्ग. उपहास करतानाही ऑर्वेल यांनी न्याय सोडला नाही. पवनचक्की उडवली जाते त्या प्रसंगी सगळी जनावरे जमिनीवर लोळण घेतात, असे मूळ वाक्य होते. छपाईपूर्वी त्यांनी त्यातून नेपोलियनला वगळले. जर्मन फौजा चालून येत असताना स्टॅलिन मॉस्कोतच थांबले होते, हे त्यामागचे कारण.

प्रकाशकांनी नकार का दिला?

ऑर्वेल यांचा जन्म १९०३चा, बिहारमधील मोतिहारीचा. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरोधी आघाडीवर लढताना त्यांच्या गळ्याला गोळी लागली. तिथे स्टॅलिनवाद्यांनी आपल्याच बाजूच्या डाव्या कार्यकर्त्यांची धरपकड केल्याचे त्यांनी पाहिले. ही कादंबरी त्यांनी नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात लिहिली. तेव्हा रशिया ब्रिटनचा मित्र होता. जोनाथन केप या प्रकाशन संस्थेने आधी होकार दिला, पण ब्रिटनच्या माहिती मंत्रालयातील एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यानंतर माघार घेतली. हा अधिकारी पीटर स्मॉलेट होता, असे मानले जाते. तो सोव्हिएत हेर असल्याचे पुढे उघड झाले. फेबर या संस्थेतर्फे कवी टी. एस. एलियट यांनी नकार कळवला. डुकरे हुशार असल्याने कारभार त्यांच्याकडेच हवा, फक्त ती अधिक लोकहितवादी हवीत, असा त्यांचा सूर होता. अखेर सेकर अँड वॉरबर्गने पुस्तक काढले.

दुधाचे महत्त्व काय?

बंडानंतर लगेचच गायींचे पाच बादल्या दूध निघते. दुधाचे नंतर पाहू, असे सांगून नेपोलियन सर्वांना गवत कापायला पाठवतो. संध्याकाळी परतल्यावर दूध गायब असते. काही दिवसांनी कळते, की ते डुकरांच्या खाण्यात मिसळले जाते. पाठोपाठ सफरचंदेही त्यांनाच राखून ठेवली जातात. डोक्याचे काम करणाऱ्यांना याची गरज आहे, नाही तर जोन्स परत येईल, असे स्क्वीलर समजावतो आणि जनावरांना ते पटते.

अमेरिकी लेखक ड्वाइट मॅक्डोनाल्ड यांना १९४६च्या डिसेंबरमध्ये लिहिलेल्या पत्रात ऑर्वेल यांनी हाच प्रसंग कथेचे वळण असल्याचे सांगितले. १९२१ मध्ये क्रॉनस्टाट येथील नाविकांनी बोल्शेविकांविरुद्ध उठाव केला आणि लाल सैन्याने तो चिरडला. त्याच्याशी त्यांनी या प्रसंगाचे नाते जोडले. लाल सैन्याचे प्रमुख तेव्हा ट्रॉट्स्की होते. कादंबरीतही दुधाच्या वाटणीवर नेपोलियन आणि स्नोबॉल यांचे एकमत आहे. म्हणजे नेपोलियनऐवजी स्नोबॉल जिंकला असता तर सारे सुरळीत झाले असते, असे ऑर्वेल सुचवत नाहीत. जनता जागी असेल आणि काम झाल्यावर नेत्यांना दूर करण्याची तिची तयारी असेल, तरच क्रांतीतून मोठा बदल घडतो, असे त्यांनी त्याच पत्रात स्पष्ट केले.

शीतयुद्धात काय झाले?

१९४७ मध्ये जर्मनीतील निर्वासित छावण्यांमधल्या युक्रेनियनांसाठी भाषांतर निघाले. ऑर्वेल यांनी त्याचे मानधन घेतले नाही, उलट खास प्रस्तावना लिहून दिली. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. १९५४ मध्ये आलेल्या अ‍ॅनिमेशनपटाला अमेरिकेच्या ‘सीआयए’ने गुप्तपणे पैसा पुरवला होता. त्यात शेवटच बदलला गेला. चित्रपटात जनावरे पुन्हा बंड करून डुकरांना उलथवतात. कादंबरीतली जनावरे खिडकीबाहेरून नुसती पाहत राहतात.

आज ही कादंबरी कशी वाचावी?

नेपोलियन म्हणजे अमुक नेता, असे बोट दाखवून मोकळे होणे सोपे असते. कुत्रे सुटतात तेव्हा सगळ्यांना भीती वाटते, पण तोवर उशीर झालेला असतो. दूध नाहीसे झाले त्या संध्याकाळी कुत्रे नव्हते, दहशत नव्हती आणि विचारायला कोणाची बंदीही नव्हती. दूध नसल्याचे जनावरांच्या लक्षात आले होते. तरीही त्यांनी हिशेब मागितला नाही.