नान-खलियाच्या वाटेवरची अस्तरे

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाजवळच्या गर्दीत दुपारी उभे राहिले की नाकातोंडात धूळ जाते. जुन्या शहरात नान-खलिया खाल्ला की झणझणीत तर्री पोटात उतरते. धूळ असो की तर्री, शरीरात पहिली गाठ पडते ती अभिस्तर ऊतीशी. त्वचेपासून आतल्या पोकळ्यांपर्यंत सगळीकडे तिचेच अस्तर. पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या, त्यांच्याखाली पातळ आधारपटल. रक्तवाहिन्या त्याच्या खाली. म्हणून अगदी वरवर खरचटले तर रक्त येत नाही.

हे अस्तर सगळीकडे सारखे नसते. जिथे जसे काम, तिथे तशी घडण.

तंदुरी नानची करकरीत कड गालाला घासते. त्यामुळे तोंडात आणि अन्ननलिकेत चपट्या पेशींचे थरावर थर असतात. हे स्तरित पट्टकी अभिस्तर. वरचे थर झिजतात, खालून नवे येतात. जठरात प्रश्न आम्लाचा. तिथल्या उंच स्तंभीय पेशी श्लेष्म स्रवतात, नाहीतर जठर स्वतःलाच पचवायला लागेल! लहान आतड्यात स्तंभीय पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म अंकुर असतात, त्यांनी शोषणाची जागा कितीतरी वाढते. हे अस्तर ३ ते ५ दिवसांत नवे होते. पुढे रक्तावाटे मूत्रपिंडापर्यंत पोचले की तिथल्या नलिकांत घनाभरूप पेशी पाणी आणि क्षार परत शोषून घेतात.

धुळीची वाट वेगळी. श्वासनलिकेतल्या रोमक, म्हणजे माथ्यावर बारीक केसांसारखे रोम असलेल्या पेशी धूळ अडकलेला श्लेष्म झाडूने लोटावा तसा घशाकडे लोटतात. वायुकोशांत मात्र चपट्या पेशींचा एकच थर, म्हणजे सरल पट्टकी अभिस्तर. ऑक्सिजनला रक्तात जायला आडकाठी नको. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत रोमक पेशींच्या जागी चपट्या पेशी येऊ लागतात. मग साचलेला श्लेष्म बाहेर काढायला खोकल्याशिवाय उपाय उरत नाही.

सर्वाधिक हाल तोंडाच्या अस्तराचे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण चुना लावलेली तंबाखू गालफडात दाबायची सवय काही सुटलेली नाही. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. ती सतत चघळल्याने अस्तराखालचा भाग ताठरतो आणि तोंड उघडेनासे होते. माणसाला होणारे बहुतेक कर्करोग अभिस्तरातूनच उगवतात. बिघडलेल्या पेशी आधारपटलाच्या वर आहेत तोवर त्या काढून टाकणे सोपे असते; ते ओलांडले की दुखणे पसरू शकते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर वाट पाहू नका. शहरातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे तोंड दाखवून घ्या.