सचित्र पोथीची जपणूक : बासनाच्या आतला विचार

व्यापारउदिमासाठी गावोगाव पांगलेल्या जैन कुटुंबांनी धनाबरोबर ग्रंथही जपले. जैसलमेरच्या किल्ल्यात संभवनाथ मंदिराच्या तळघरातील आचार्य जिनभद्रसूरींचे ज्ञानभांडार, पाटणची भांडारे आणि मूडबिद्री येथील धवला-जयधवलेच्या ताडपत्रप्रती ही त्या जपणुकीची विख्यात उदाहरणे होत. परंतु हा वारसा केवळ भांडारांतच आहे असे नाही. कित्येक घरांच्या कपाटांत, देवघरांत आणि बँकेच्या लॉकरमध्येही एखादी पोथी किंवा कल्पसूत्राची दोनचार सचित्र पाने असतात. त्यांचे मोल घरातील सर्वांना ठाऊक असते. त्यांचा पृष्ठभाग किती नाजूक आहे, हे मात्र पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणूनच आस्थेने केलेले उपाय अनेकदा हानीचे कारण ठरतात.

साध्या लिखित पानात शाई कागदात काही अंशी मुरलेली असते. चित्राचे तसे नाही. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर डिंकात खललेले रंग थरांनी बसविलेले असतात. हिंगुळाचा लाल, लाजवर्दी निळा, हरताळाचा पिवळा आणि त्यावर सोन्याचे काम, हे सारे कागदाच्या वर राहते. दमट हवेत कागद फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. वरचा रंगाचा थर तितक्या सहजतेने हलत नाही. मग त्याला बारीक तडे जातात आणि कणाकणाने रंग सुटू लागतो. अतिदमट हवेत डिंक चिकट होऊन समोरासमोरची पाने एकमेकांना धरून बसतात. ती ओढून सोडविली की एका पानाचे चित्र दुसऱ्या पानावर जाते.

पूर्वीच्या लोकांची व्यवस्था विचारपूर्वक होती. पोथीच्या वरखाली लाकडी फळ्या, त्याभोवती बासन, त्यावर दोरी आणि शेवटी पेटी. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बंधनापासून पोथी राखावी, अशी विनवणी लेखनिक पोथीच्या अखेरीस करीत. सैल बांधलेल्या पोथीत पाने एकमेकांवर सरकतात आणि प्रत्येक घासणीबरोबर चित्रावरचा थोडा रंग जातो. उलटपक्षी बारीक दोरी करकचून आवळली तर कडा कापल्या जातात आणि चित्रावर दाब येतो. म्हणून पाने हलणार नाहीत इतपतच, आणि रुंद सुती फितीने बांधणे योग्य. कीड दूर राहावी म्हणून पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची रीतही जुनीच आहे.

आता आजच्या घरांत होणाऱ्या चुका पाहू. पहिली चूक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. बाजारातील पुष्कळशा पिशव्या व फोल्डर पीव्हीसीचे असतात आणि कालांतराने त्यांतून आम्ल बाहेर पडते. संग्रहालयांत वापरली जाणारी पॉलिएस्टरची उत्तम पारदर्शक पत्रीसुद्धा सचित्र पानाला लावू नये, कारण तिच्यात स्थिर विद्युत निर्माण होऊन ती सुटलेले रंगकण ओढून घेते. दुसरी चूक लॅमिनेशन. त्यातील उष्णता आणि गोंद यांनी झालेला बदल पुन्हा फिरविता येत नाही. चिकटपट्टी, रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि डांबराच्या गोळ्या यांनाही पोथीजवळ थारा देऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते आणि त्याची शाई पानावर उतरते.

सुट्या सचित्र पानासाठी संग्रहालयांची पद्धत सोपी आहे. आम्लरहित जाड पुठ्ठ्याला पानाच्या मापाची खिडकी कापून त्यामागे दुसरा पुठ्ठा जोडतात. फ्रेमवाले यालाच माउंट म्हणतात. पान त्या खोलगट जागेत विसावते आणि वरचे झाकणपुठ्ठे रंगाला टेकत नाही. रंग सुटत असलेल्या चित्रावर मऊ कागदही ठेवू नये. त्याचे तंतू उचललेल्या कणांत अडकतात. असे माउंट आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावे. संपूर्ण पोथी असेल तर खळ काढलेले, धुतलेले, रंग न सुटणारे सुती कापड बासनासाठी घ्यावे, कारण कापडातील खळ किडीचे खाद्य असते.

पान उचलताना ते बोटांच्या चिमटीत धरू नये. खाली ताठ पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासह उचलावे. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि चित्राला स्पर्श टाळावा. सुती हातमोज्यांचे धागेही रंगकण ओढतात. येथे हरताळाविषयी सावध केले पाहिजे. लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हा आर्सेनिकचा विषारी पदार्थ असल्याने पोथी हाताळताना काही खाऊ नये, पान उलटताना बोट जिभेला लावू नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

प्रवासात पेटी आडवीच न्यावी. ती दुसऱ्या मोठ्या पेटीत ठेवून दोहोंमधील पोकळी फोमने भरावी, म्हणजे धक्का बाहेरच जिरतो. फुगे असलेले प्लास्टिक चित्राला लागू देऊ नये; फुग्यांचे ठसे पृष्ठभागावर उमटू शकतात.

हवेतील आर्द्रता साधारणपणे ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीचे भय असते. मात्र आकड्याइतकेच महत्त्व स्थैर्याला आहे. म्हणून पोथी बाहेरच्या भिंतीला, माळ्यावर किंवा न्हाणीघरालगत ठेवू नये. लॉकरमध्ये ती चोरीपासून सुरक्षित राहते, ओलाव्यापासून राहतेच असे नाही. शिवाय अरुंद खणात पान वाकविण्याचा मोह होतो.

पोथी तपासावी केव्हा, याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. ज्येष्ठ शुक्ल पंचमीची श्रुतपंचमी पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि कार्तिक शुक्ल पंचमीची ज्ञानपंचमी पावसाळा सरल्यावर. एक दिगंबर परंपरेतील, दुसरी श्वेतांबर परंपरेतील; पण जपणुकीच्या दृष्टीने दोन्ही तिथी प्रत्येक घराला उपयोगी आहेत. त्या दिवशी बासन सावलीत उघडावे, कीड, बुरशी, ओल पाहावी, रंगाचे कण गळले आहेत का ते पाहावे. पानांची संख्या व स्थिती वहीत लिहावी आणि फ्लॅश न वापरता छायाचित्र घ्यावे. पूजेचे कुंकू, वासक्षेप, फुले आणि दिवा पोथीपासून दूर असावेत. मागील वर्षाच्या नोंदीशी ताळा घातला की हानी वेळीच कळते.

रंग गळताना दिसला तर मात्र घरगुती डिंक लावू नये. पान आडवे ठेवून, गळलेले कण कागदाच्या पुडीत जपून, प्रशिक्षित संवर्धकाला गाठावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळेत या विषयाचे जाणकार आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या हस्तलिखितसंग्रहात जैन पोथ्या मोठ्या संख्येने आहेत. घरात देखभाल करणारे कोणी उरले नसेल, तर नोंद करून पोथी अशा संग्रहाकडे किंवा ज्ञानभांडाराकडे सोपविणे हाही जपणुकीचाच एक मार्ग आहे.

चुकलेला हिशेब पुन्हा मांडता येतो. पानावरून गळालेला रंग पुन्हा तसा बसत नाही. येत्या पंचमीला घरातील बासन उघडताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ साधेल.