दीनांचे बिऱ्हाड

धर्मशाळा म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणासही सांगावयास नको. वाटसरूने यावे, ओसरीवर पथारी पसरावी, तीन दगडांची चूल मांडावी व उजाडताच मार्गस्थ व्हावे. परंतु ज्यास जावयास गावच उरले नाही, अशा वृद्ध अथवा निराधार मनुष्याने कोठे जावे? त्यास अखेरपर्यंत राहावयास घर देणे, हा दानधर्माचा निराळाच प्रकार होय.

इंग्लंडात विंचेस्टर येथे ब्ल्वाचा हेन्री नामक बिशपाने बाराव्या शतकात तेरा गरीब पुरुषांकरिता स्थापिलेले असे घर अद्यापि चालू आहे. पुढे १८३४ च्या कायद्याने तेथे सरकारी श्रमगृहे वाढली. छप्पर व अन्न तेथेही मिळे. पण नवरा एका दालनात, बायको दुसऱ्यात व मुले तिसऱ्यात! मदत मागण्याची गरिबास धास्तीच वाटावी, असा त्यातील हेतू होता. त्यास घर कोण म्हणेल?

याच्या अगदी उलट जर्मनीतील औग्सबुर्ग शहरी याकोब फुगर नामक धनाढ्य सावकाराने १५२१ साली केले. त्याने गरीब कुटुंबांकरिता एक वसाहतच वसविली. प्रत्येकास स्वतंत्र बिऱ्हाड व स्वतःचे दार. भाडे वर्षास एक गुल्डन, म्हणजे आजच्या चलनात एका युरोहूनही कमी. शिवाय दात्याच्या कुटुंबाकरिता रोज तीन प्रार्थना. प्रसिद्ध संगीतकार मोझार्टचा गवंडी पणजोबा येथेच राहत असे. १९४४ च्या बाँबवर्षावात वसाहतीचा बराच भाग कोसळला. तो पुन्हा बांधण्यात आला. पाचशे वर्षे हा व्याप चालला कसा? फुगरने घरांमागे ठेवही ठेविली होती. आज डागडुजीचा खर्च मुख्यत्वे संस्थेच्या जंगलांच्या उत्पन्नातून भागतो.

ही युक्ती आम्हां खानदेशकरांस नवी नव्हे. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख पाहा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनाकरिता त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठास निकुंभ राजा सोइदेव याने दान दिले. मठाचा योगक्षेम पेठेतील देवघेवीवर व घाण्यामागे पळीभर तेलावर लावून दिला होता. तो मठ विद्येकरिता होता, दीनांकरिता नव्हे; तथापि नुसत्या भिंती उभारून दान पुरे होत नाही, हे त्या दात्यांनी ओळखिले होते.

दीनांकरिता कायमची घरे आपल्या इलाख्यात इंग्रजी अमदानीत झाली. मुंबईस सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८२२ साली तुरुंगातील गरीब ऋणकोंचे कर्ज फेडून त्यांस सोडविले होते. त्यांच्याच दानातून १८४७ साली बेलासिस रस्त्यावर वृद्ध व असहाय जनांकरिता गृह उघडले. त्यास नाव मात्र ‘धर्मशाळा’ असेच पडले. आपल्या भाषेत दुसरा रूढ शब्द नव्हता ना! पुण्यात बगदादहून आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ पंगु गृह १८६३ साली स्थापन झाले. ते आजही नवी पेठेत चालू असून तेथे वृद्ध स्त्रीपुरुष राहतात. पुणेकर त्यास ‘निवारा’ म्हणतात.