बलाढ्य राष्ट्रालाही कोर्टाची पायरी

युद्धाच्या बातम्या रोज कानांवर येतात. एक देश दुसऱ्यावर बॉम्ब टाकतो आणि ‘आम्ही स्वसंरक्षण केले’ असे सांगतो. घरातली शाळकरी मुले विचारतात, माणसाने माणसाला मारले तर पोलीस धरतात. देशाने देशाला मारले तर कोणता कायदा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

कायदा आहे. २६ जून १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या झाल्या. तिचे कलम २(४) सांगते की, कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्यावर बळाचा वापर करू नये, तशी धमकीही देऊ नये. सनदेने याला दोन मुभा ठेवल्या आहेत. एक, सुरक्षा परिषदेची परवानगी. दुसरी, कलम ५१ प्रमाणे, सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षण. तेही ताबडतोब परिषदेला कळवून.

‘स्वसंरक्षण’ हा शब्द कुठवर ताणता येतो, हे एका खटल्यात तपासले गेले. निकाराग्वा हा मध्य अमेरिकेतला, मुंबईपेक्षाही कमी वस्तीचा देश. तेथील सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना अमेरिका पैसा, शस्त्रे व प्रशिक्षण देत होती. १९८४ च्या प्रारंभी तिने त्या देशाच्या बंदरांत सुरुंग पेरले. जहाजांचे नुकसान झाले, माणसे जायबंदी झाली. सुरुंगांची सूचनाही जगाला दिली नव्हती.

त्या छोट्या देशाने एप्रिल १९८४ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. न्यायालयाला अधिकारच नाही, असे अमेरिकेने म्हटले. ते फेटाळले गेल्यावर जानेवारी १९८५ मध्ये ती खटल्यातून निघून गेली. खटला मात्र थांबला नाही.

२७ जून १९८६ रोजी निकाल लागला. न्यायालयाचे अध्यक्ष होते भारताचे नगेंद्र सिंह. निकाराग्वा शेजारच्या एल साल्वादोरमधील बंडखोरांना शस्त्रे पुरवतो, म्हणून आपण त्या देशाच्या बचावासाठी उतरलो, असा अमेरिकेचा दावा होता. न्यायालयाने सांगितले, बंडखोरांना शस्त्रे पुरवणे म्हणजे सशस्त्र हल्ला नव्हे. अमेरिकेने कायदा मोडला आहे, तिने भरपाई द्यावी. बळ न वापरण्याचा नियम नुसता सनदेच्या कागदावर नाही, तो सर्व राष्ट्रांचा रूढ कायदा आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

पुढे काय झाले? निकाल पाळावा असा ठराव ऑक्टोबर १९८६ मध्ये सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो पाडला. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हाती कुलपाची किल्ली! १९९१ मध्ये निकाराग्वाच्या नव्या सरकारने दावा मागे घेतला. भरपाईची रक्कम ठरलीच नाही.

मग उपयोग काय, असे वाचक म्हणतील. कायदा असणे निराळे आणि तो राबवला जाणे निराळे, हे कष्टकरी माणसाला कुणी शिकवायला नको. पण म्हणून कायदा सोडून कसे चालेल? बलाढ्य राष्ट्र दोषी ठरले, ही नोंद कोणत्याही नकाराधिकाराने पुसता आलेली नाही. आजही हल्ल्यांचा वाद निघाला की या निकालाचा दाखला दिला जातो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, हल्ल्याची बातमी ऐकाल तेव्हा मुलांसह तीन प्रश्न विचारा. आधी सशस्त्र हल्ला झाला होता काय? नसेल तर सुरक्षा परिषदेची परवानगी होती काय? आणि प्रत्युत्तर गरजेपुरतेच होते काय? बाजू कोणाचीही असो, प्रश्न हेच ठेवा.